जुन्या फोर बाय फोरच्या चाकातला आवाज: हब उघडण्याआधी या चुका टाळा

चाकातून घरघर आली की बेअरिंग गेलं, हे गणित जुन्या फोर बाय फोरवाल्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की गाडी एकदा नीट चालवून बघायच्या आधीच हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसलेला भाग) खोललेला असतो. एवढं करून आवाज बऱ्याचदा तसाच राहतो. वर नवा आवाज तयार होतो, कारण हब उघडणाऱ्याला तो परत नीट बसवता येतोच असं नाही.

चूक पहिली, आणि सगळ्यात महागडी: टायर न तपासता बेअरिंग बदलणं

पंचवीसेक वर्षं वयाची एक गाडी. सॉलिड अॅक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे हातानं फिरवायचे लॉकिंग हब, म्हणजे चाक अॅक्सल शाफ्टला जोडणारे किंवा त्यापासून मोकळं करणारे. ताशी ५० किमी ओलांडलं की पुढून डावीकडून गुणगुण. डाव्या हबची आतली-बाहेरची दोन्ही बेअरिंग बदलली, आवाज तसाच. मग ‘उजवीकडचा आवाज डावीकडे ऐकू येत असेल’ म्हणून उजवा हब खोलला. शंका अगदीच चुकीची नव्हती, कारण सॉलिड अॅक्सल म्हणजे एक लांब लोखंडी नळी आणि तिच्यातून आवाज एका टोकाचा दुसऱ्या टोकाला सहज पोचतो. तरीही फरक शून्य. गोष्ट डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारा गिअरचा गठ्ठा) उतरवण्यापर्यंत गेली, तेव्हा कुणीतरी पुढचे टायर मागे टाकून पाहिले. गुणगुण टायरांबरोबर मागे गेली.

हे काम अर्ध्या तासाचं होतं आणि ते सगळ्यात शेवटी झालं.

टायरवर तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं, तर टो (समोरची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन) बिघडलाय. टायरच्या घेराच्या दिशेनं हात फिरवताना उंचवटे-खळगे लागले, तर शॉक अॅब्सॉर्बर मेलेत किंवा टायरांची अदलाबदल वर्षानुवर्षं झालेली नाही. जाड गोट्यांच्या मड टायरना हा रोग लवकर होतो.

चालवतानाही फरक कळतो. खरबरीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला, मऊ मातीत जवळजवळ गायब झाला, तर टायर. बेअरिंगला खाली कुठला रस्ता आहे याच्याशी देणंघेणं नसतं. अजून एक सोपी युक्ती: टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत राहून हवा ८-१० पीएसआयनं वाढवा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगानं जा. सूर बदलला तर हबला हात लावू नका. नंतर हवा पूर्ववत करायला विसरू नका.

लॉकिंग हब असून त्यांचा उपयोग न करणं

निदानाचं याच्याइतकं सोपं साधन दुसऱ्या गाड्यांना मिळतच नाही. गाडी टू व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांना ओढ), दोन्ही हब फ्री, आणि एक फेरी. मग गाडी टू व्हीलमध्येच ठेवून दोन्ही हब लॉक करा आणि दुसरी फेरी मारा. हब फ्री असताना पुढचे अॅक्सल शाफ्ट, डिफरन्शिअल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (डिफपर्यंत ताकद आणणारा लांब दांडा) चाकांमुळे फिरत नाहीत. म्हणजे आवाज फक्त लॉक असतानाच येत असेल, तर दोष शाफ्टच्या जॉइंटमध्ये, डिफमध्ये किंवा प्रोपेलरच्या क्रॉसमध्ये (टोकाच्या सांध्यात). दोन्ही वेळा सारखाच येत असेल, तर पुढच्या बाजूला उरतात टायर, व्हील बेअरिंग आणि ब्रेक. दहा मिनिटांत अर्धी गाडी संशयातून सुटते. कोरड्या डांबरावर ही चाचणी फोर व्हीलमध्ये टाकून करू नका. पुढची-मागची चाकं वळणावर वेगळ्या गतीनं फिरतात, शाफ्ट पिळले जातात आणि मग जे आवाज येतात ते मूळ तक्रारीचे नसतात.

ज्यांच्या गाडीला पुढे लॉकिंग हबऐवजी कायमचे फ्लँज (चाक शाफ्टला सदैव जोडून ठेवणाऱ्या चकत्या) आहेत, त्यांना ही सोय नाही. त्यांनी मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ६० ला न्यूट्रल करावं, इंजिन चालू ठेवूनच (बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात). घरघर तशीच राहून वेगाबरोबर उतरत गेली, तर चाकांकडे बघा. अॅक्सलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर वेगळा, तर डिफमधल्या क्राऊन-पिनियन या गिअरच्या जोडीकडे.

आवाजाची लयही मोजता येते. ३० इंची टायरचा घेर साधारण २.४ मीटर. ताशी ६० किमीला चाक सेकंदाला सातेक फेरे मारतं. अॅक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलरचे फेरे) ४.५ च्या आसपास असेल तर प्रोपेलर तीसेक फेरे मारतो. मोजता येईल अशी ‘धप-धप’ चाकाची, आणि सलग थरथर प्रोपेलरची. एवढं कळलं तरी चुकीच्या टोकाला पाना लागत नाही.

वळणाची चाचणी अर्धवट करणं

डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा घरघर वाढली, तर संशय उजवीकडे. हे सगळ्यांना पाठ असतं, पण एकदाच वळून निकाल लावतात. मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना, सारख्याच वेगानं, तीन-चारदा करा. पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर ‘टक-टक’ आली, आणि तीही हब लॉक असतानाच, तर तो सीव्ही जॉइंट (पुढच्या शाफ्टचा वळणारा सांधा) आहे, बेअरिंग नाही.

जॅकवरची घाई

कित्येक जुन्या फोर बाय फोरचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद देणारी गिअरची पेटी) मागे प्रोपेलरवर असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, अॅक्सलखाली स्टँड द्या, मगच हात घाला. आणि लिमिटेड स्लिप डिफ (एक चाक मोकळं फिरलं तरी दुसऱ्याला ओढ देणारा) असेल तर एकच चाक उचलून इंजिनानं फिरवणं म्हणजे गाडी स्टँडवरून स्वतःहून उतरवणं.

चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलाई) लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे. ही एक पायरी गाळल्यामुळे चांगली बेअरिंग कचऱ्यात जातात. नंतर एक हात पाट्यावर ठेवून दुसऱ्यानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यातून बोटांना जाणवते, कानापेक्षा आधी.

जवळजवळ पहिलीइतकीच महागात पडणारी चूक: नट ‘अंदाजानं’ आवळणं

वरच्या गाडीची गोष्ट टायरवर संपली नाही. टो नीट केला, गुणगुण गेली. तीन आठवड्यांनी डावीकडूनच घरघर, आणि या वेळी खरी. हब उघडला तर रोलर निळे पडलेले, ग्रीस जळून काळं. नवं बेअरिंग बसवताना हबचा नट छिन्नी-हातोड्यानं ठोकून ‘टाईट’ केला होता. टेपर बेअरिंग (तिरक्या रोलरांचं) नुसतं आवळून बसवायचं नसतं. त्याला ठरावीक मोकळीक किंवा ठरावीक ताण लागतो. तो जास्त झाला तर रोलर तापतात, ग्रीस पातळ होऊन निघून जातं, बाकीचं काम उष्णता करते. फार सैल ठेवलं तर चाक डुलतं, सील फाटतं आणि पाणी आत येतं.

पद्धत बहुतेक गाड्यांना सारखीच. हब हातानं दोन्ही दिशांना फिरवत आतला नट टॉर्क पान्यानं ६०-७० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण ढिला करा. आता मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. काही कंपन्या मोकळीक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत देतात, काही चाकाच्या स्टडला ताणकाटा अडकवून हब फिरवायला लागणारी ओढ देतात. आपल्या गाडीचा आकडा वापरा, शेजाऱ्याच्या नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथून पुढे. आतल्या नटावर लॉक वॉशर, त्यावर बाहेरचा लॉक नट. हा लॉक नट आवळला की आट्यांमधली ढिलाई संपते आणि आतला नट थोडा आत ढकलला जातो. म्हणजे नीट जुळवलेलं बेअरिंग पुन्हा घट्ट होतं. म्हणून लॉक नट आवळल्यावर पुन्हा मोजायचं, गरज पडली तर खोलून पुन्हा जुळवायचं. तीन वेळा करावं लागलं तर तीन वेळा. लॉक वॉशरची जीभ मोडलेली असेल तर नवा घाला. आणि छिन्नी ठेवून द्या. काही जपानी गाड्यांना ५४ मिमीचा सॉकेट लागतो. जो लागतो तो आणल्याशिवाय काम सुरूच करू नका.

ग्रीस

जास्त ग्रीस म्हणजे जास्त सुरक्षित, असं नसतं. बेअरिंग तळहातावरच्या ग्रीसमध्ये रुंद बाजूनं दाबत राहा, वरच्या बाजूनं रोलरांच्या मधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत कपांच्या (हबमध्ये बसलेल्या, बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या) आतल्या कडेपर्यंतच थर द्या, ठासून भरू नका. जुनं ग्रीस कुठलं होतं माहीत नसेल तर रॉकेलनं पूर्ण धुऊन, सुकवून नवं भरा. लिथियम ग्रीसमध्ये दुसऱ्या जातीचं मिसळलं तर बऱ्याचदा ते पातळ होऊन सीलमधून बाहेर पडतं. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेनं गरगर फिरवण्याची हौस तर अजिबात नको. कोरडे रोलर ओरखडतात, पिंजरा फुटून उडतो.

पाण्यातून गाडी घातली असेल तर हब उघडून बघाच. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढरट दिसलं तर तेच.

कप तसाच ठेवणं

रोलर नवे, हबमधला कप जुना. असं करू नका, दोन्ही जोडीनं बदलतात. कप पितळी सळईनं, एकदा इकडे एकदा समोर, असा ठोकत बसवा. तळाला टेकला की ठोक्याचा आवाज पोकळचा भरीव होतो. स्पिंडलवर (ज्या दांड्यावर हब फिरतो त्यावर) बेअरिंगची जागा निळी किंवा खोल ओरखडलेली असेल, तर नवं बेअरिंगही फार दिवस टिकणार नाही.

बाकीच्या, पटकन

कच्च्या रस्त्यावरून आल्यावर एकदम भयंकर करकर सुरू झाली, तर आधी डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलाय का बघा.

ब्रेक हलका दाबल्यावर आवाज थांबला, तर पॅड आणि कॅलिपर.

चाक उतरवलं असेल तर ८०-१०० किमीवर चाकाचे नट पुन्हा टॉर्कला लावा. नवं बेअरिंग घातलं असेल तर ५०० किमीवर प्ले पुन्हा तपासा.

काम झाल्यावर १५-२० किमी, कमीत कमी ब्रेक लावत चालवा आणि डाव्या-उजव्या हबला हाताची मागची बाजू लावा. दोन्ही सारखे कोमट असावेत. एकाला हात टेकवत नसेल, तर तो आजच उघडा.

मागच्या सेमी-फ्लोटिंग (जिथे शाफ्टच चाकाचं वजन पेलतो अशा) अॅक्सलला बरेच जण पुढच्यासारखाच नट शोधत बसतात. त्यातल्या बहुतेकांत बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं आणि त्याला प्रेस लागतो, हातोडा नाही. ड्रमच्या आत गिअर ऑइल दिसलं तर बेअरिंगसोबत सील आणि ब्रेक शू दोन्ही बदला. तेल प्यायलेला शू पेट्रोलनं कितीही पुसला तरी ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढतो.