सिंकखाली कचरा दळणारे यंत्र बसवताना या चुका टाळा

भाजीची देठे, उरलेला भात आणि खरकटे सिंकमध्येच दळून पाण्याबरोबर वाहून नेणारे यंत्र, म्हणजे फूड वेस्ट डिस्पोजर, आता ऑनलाइन सहज मिळते. पाना, पेचकस आणि थोडा संयम असेल तर ते घरच्या घरी बसवताही येते. मात्र त्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नसून त्याच्या मागच्या-पुढच्या गोष्टींत, म्हणजे सिंकचे भोक, सांडपाण्याचा पाइप, अर्थिंग आणि पाणी यांत असते.

म्हणून यंत्र मागवण्याआधी सिंकचे पाणी शेवटी कुठे जाते ते पाहावे. भूमिगत गटार योजनेची जोडणी असेल तर प्रश्न नाही. परंतु मराठवाड्यातील असंख्य घरांत स्वयंपाकघराचे पाणी शोषखड्ड्यात किंवा उघड्या नालीत जाते. शोषखड्डा केवळ पाणी जिरवण्यासाठी असतो. त्यात रोज दळलेल्या अन्नाचा लगदा गेला की दगड-वाळूमधील फटी बुजतात आणि पाणी जिरणे थांबते. उघड्या नालीत हाच लगदा साचून कुजतो, माश्या होतात आणि शेजाऱ्यांशी वाद सुरू होतात. सेप्टिक टँक असेल तर तो नेहमीपेक्षा लवकर भरेल, हे गृहीत धरावे. शोषखड्डा असलेल्या घरात हे यंत्र बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे कंपोस्टचा पिंप अधिक उपयोगी ठरतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. यंत्र चालू असताना नळ मिनिटाला सहा ते आठ लिटर या वेगाने वाहता हवा, आणि दळण संपल्यावरही पंधरा-वीस सेकंद तो चालू ठेवावा लागतो. एका वेळचे पाच-सहा लिटर धरले तर दिवसातून दोनदा वापरल्यास जवळपास एक घागर पाणी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हा हिशेब क्षुल्लक म्हणता येणार नाही. पाणी वाचवण्यासाठी नळ बारीक सोडणे ही मात्र सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे, कारण कमी पाण्यात लगदा पुढे सरकत नाही आणि पाइपच्या तळाशी पिठल्यासारखा थर धरतो. त्यापेक्षा भांडी विसळतानाच यंत्र चालवावे, म्हणजे वेगळे पाणी खर्च होत नाही.

बसवताना होणाऱ्या चुका

बहुतेक यंत्रांना सिंकचे भोक साडेतीन इंचांचे, म्हणजे सुमारे ९० मिलिमीटरचे लागते. आपल्याकडील अनेक जुन्या सिंकांना त्याहून लहान वेस्ट कपलिंग असते. ग्राइंडरने घरीच भोक मोठे केल्यास कडा वाकड्यातिकड्या राहतात आणि तिथून पाणी झिरपतच राहते. अशा वेळी सिंक बदलणे परवडते. सिंकचा पत्राही दाबून पाहावा. बोटाने दबणाऱ्या पातळ पत्र्यावर हे वजन लटकवले की यंत्र सुरू होताच सगळा ओटा थरथरतो.

फ्लँजखाली, म्हणजे सिंकच्या भोकात वरून बसणाऱ्या कडीखाली, प्लंबर पुट्टीची (मऊ राहणाऱ्या लांबीची) सलग वळी बसवायची असते. तिच्याऐवजी एम-सील किंवा व्हाइट सिमेंट भरण्याची सवय आपल्या प्लंबर मंडळींना आहे. ही दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत, पण येथे ती कडक होतात, कंपनाने तडकतात आणि पुढे फ्लँज काढायची वेळ आली की सिंकसकट फोडावी लागते. खालच्या रिंगचे तीन स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळल्यास रिंग तिरकी बसते आणि गळती तिथूनच सुरू होते. डिशवॉशर जोडायचा नसेल तर त्याच्यासाठी यंत्राला ठेवलेल्या तोंडातील प्लॅस्टिकची चकती फोडू नये. जोडायचा असेल तर ती फोडायला विसरू नये.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पाइपकडे. सिंकपासून खालच्या जाळीपर्यंत सोडलेला वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप साध्या पाण्याला चालतो, मात्र दळलेले कण त्या प्रत्येक वळीत अडकून राहतात आणि वरून पडणारा लगदा जाळीवर थापला जातो. तेथे आतून गुळगुळीत असा ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, ट्रॅप (पाणी धरून दुर्गंधी अडवणारे वळण) आणि पुढे उतार असलेली थेट जोडणी हवी. यंत्रामुळे पाणी बाहेर पडण्याची जागा आधीपेक्षा बरीच खाली येते, त्यामुळे भिंतीतील पाइपचे तोंड तिच्याहून वर राहिले तर पाणी यंत्रातच तुंबते. हे माप पाइप कापण्याआधीच घ्यावे.

परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवण्याचा मोह टाळावा. अमेरिकेतील यंत्र ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालते, आपला पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, वारंवारता बदलत नाही आणि मोटार तापत राहते. प्लग तीन पिनांचाच असावा आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, तेव्हा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो आणि अर्थिंग दुबळे होते. त्यात अधूनमधून पाणी घालावे आणि इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

चाचणी घेताना नुसता नळ सोडून समाधान मानू नये. बुच लावून सिंक काठोकाठ भरावे, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे आणि बुच एकदम काढावे. कागदावर उमटलेला एखादा ठिपकाही गळतीची जागा दाखवून देतो.

वापरताना आणि बिघडल्यावर

चघळलेल्या शेवग्याच्या शेंगांचा चोथा, कणसाची साले आणि अंबाडीची देठे यंत्रात टाकू नयेत. अंबाडीच्या सालीचे दोर वळतात, हे ध्यानात ठेवले तर ते तंतू यंत्राच्या चकतीभोवती काय करतील याची कल्पना येईल. आंब्याच्या कोयी आणि नारळाची करवंटी तर वर्ज्यच. रस्स्यावरचा तेलाचा कट सिंकमध्ये ओतू नये. दळतानाही गार पाणीच वापरावे, कारण गरम पाण्याने वितळलेले तूप-तेल पुढे पाइपमध्ये थिजते.

यंत्राचा नुसता घूं-घूं आवाज येत असेल, पण ते दळत नसेल, तर काहीतरी अडकले आहे असे समजावे. बटण बंद करून प्लगही काढावा, तळाच्या मधल्या भोकात एलन की (षटकोनी सळईची चावी) घालून दोन्ही बाजूंना फिरवावी आणि अडकलेला तुकडा चिमट्याने काढावा. हात आत घालू नये. काहीच आवाज येत नसेल तर दहा मिनिटे थांबून तळाचे लाल रिसेट बटण दाबावे. ते पुन्हापुन्हा उडत असेल तर यंत्रावर भार जास्त पडतो आहे किंवा मोटारीत दोष आहे. आरसीसीबी उडत असेल तर मात्र यंत्र लगेच वापरातून काढावे, कारण आत ओल शिरलेली असण्याची शक्यता असते.

गळती वरच्या बाजूने असेल तर फ्लँज काढून पुट्टी नव्याने भरावी, बाजूने असेल तर एल्बोचे (बाजूच्या वाकड्या नळीचे) वायसर आणि स्क्रू पाहावेत. यंत्राच्या बुडातून थेंब पडत असतील तर आतले सील गेलेले असते. बाहेरून कितीही सिलिकॉन फासले तरी ते थांबत नाही आणि पाणी मोटारीपर्यंत पोहोचते, म्हणून वॉरंटी शिल्लक असेल तर यंत्र न उघडता कंपनीकडे द्यावे आणि संपली असेल तर नवे घ्यावे.