मॅच-केस वापरताय? या चुका टाळा

पायथनमध्ये ३.१० पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, मॅच-केस आहे: मॅचपुढे एक किंमत द्यायची, ती ज्या केसच्या नमुन्याशी आधी जुळेल त्याचा कोड चालतो. इफ-एलिफच्या शिडीला कंटाळलेले लोक एका बैठकीत सगळा कोड त्यात ओततात आणि हमखास एकाच खड्ड्यात पडतात: केसपुढे स्थिरांकाचं नुसतं नाव.

समजा, वर सापडले_नाही = ४०४ लिहिलंय. मॅचमध्ये पहिलं केस २०० (सगळं ठीक), दुसरं आणि शेवटचं केस सापडले_नाही. वाचणाऱ्याला वाटतं, ४०४ शी तुलना होईल. तुलना होतच नाही. केसपुढचं साधं नाव म्हणजे रिकामं भांडं, येईल ती किंमत त्यात पडते. सर्व्हरकडून ५०० आलं तरी युजरला 'पान सापडलं नाही' दिसतं, आणि टीम लिंका तपासत बसते. शिवाय सापडले_नाही ची किंमतही आता ५००! हेच फंक्शनच्या आत असेल तर ते नाव लोकल, म्हणजे त्या फंक्शनपुरतंच होतं. मॅचच्या आधी वापरलं असेल तर 'अनबाउंड लोकल एरर'. हे केस मधे असतं तर पायथनने सिंटॅक्स एरर देऊन अडवलं असतं. शेवटी असलं की मुकाट चालतं. आणि टेस्ट ४०४ नेच केली, तर पासही होते.

उपाय एका टिंबाचा. स्थिरांक एनममध्ये (नाव दिलेल्या स्थिरांकांचा गट) ठेवा आणि स्टेटस.सापडले_नाही असं लिहा. टिंब असलं की तुलना होते. येणारी किंमत साधा आकडा असेल तर इंट-एनमच घ्या, साधा एनम आकड्याशी जुळत नाही.

याच रोगाचा धाकटा भाऊ: केस एसटीआर (मजकुराचा टाइप). त्यापुढचा रिकामा कंस विसरलात की टाइप तपासला जात नाही, एसटीआर हे नावच झाकलं जातं. कंस लावा. इंटच्या केसमध्ये ट्रू-फॉल्सही शिरतात, म्हणून बूलचं केस आधी.

केसपुढचा रिकामा महिरपी कंस कुठल्याही डिक्शनरीला जुळतो. रिकामा चौकटी कंस मात्र फक्त रिकाम्या लिस्ट-टपलला.

काहीच जुळलं नाही तर पायथन गप्प पुढे जातो. शेवटी केस अंडरस्कोर (काहीही आलं तरी जुळणारं), आणि त्यात पास (काहीच न करणं) नव्हे, रेझ (एरर देणं). पास लिहिणाऱ्यांना घाई असते, निस्तरतो दुसराच.

आणि वय १८ च्या वर आहे का एवढंच बघायचं असेल, तर इफ लिहा. प्रत्येक केसला गार्ड (केसला जोडलेली इफची अट) लागत असेल तर ती जुनीच शिडी आहे, फक्त एक पायरी आत सरकवलेली.