नागपूरहून बर्फाळ देशात जाणाऱ्यांनी रोजच्या वापरासाठी स्पोर्टी गाडी कशी निवडावी

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कॅनडात अथवा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत निघालेली ओळखीची मुले-मुली, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे आईवडील, माझ्याकडे गाडीचा प्रश्न घेऊन येतात. ओटावात सहा हिवाळे गाडी चालवून मी धरमपेठेतल्या घरी परतलो, एवढीच माझी पात्रता. मुलांना पिकअपची, वळणावर रस्त्याला चिकटून राहणारी, चालवताना मजा यावी अशी लहान गाडी हवी असते; आईवडिलांच्या मते बर्फात उंच आणि जडशीळ गाडीच सुरक्षित असते. माझे मत मुलांच्या बाजूने आहे, मात्र एका अटीवर: गाडीची किंमत ठरवण्याआधी हिवाळी टायरचे पैसे बाजूला काढून ठेवले पाहिजेत.

नागपुरात जानेवारीच्या पहाटे पारा सात-आठ अंशांवर आला की आपण शेकोटी पेटवतो. तिकडे साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते, मग रस्त्यावर बर्फ असो वा नसो. स्पोर्टी गाडी घेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण अशा अनेक गाड्या कारखान्यातून उन्हाळी टायर लावूनच येतात आणि कडाक्याच्या थंडीत त्या रबराला तडेही जाऊ शकतात. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. तो ओळखण्याची खूण म्हणजे टायरच्या बाजूवर कोरलेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यातला हिमकण. नुसती ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे असली म्हणजे टायर हिवाळी झाला, असे समजू नये. क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथे नोंदणी झालेल्या गाड्यांना हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. ओंटारिओ प्रांतात अशी सक्ती नाही, त्यामुळे तिथे नवखी माणसे हमखास चालढकल करतात.

टायर निवडताना रुंदीचा मोह आवरावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावरून जाणारी बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: अरुंद चाक वरचा लगदा कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचते, रुंद चाक मात्र वरच्या वर तरंगते. ताज्या भुसभुशीत बर्फातही तसेच होते. म्हणून उन्हाळ्यात १८ इंची रिम असेल तर हिवाळ्यासाठी १७ किंवा १६ इंची रिमवर थोडे अरुंद आणि जाड कडांचे टायर बसवण्याची तिकडे पद्धत आहे. मार्चमध्ये बर्फ वितळून रस्त्यांना खड्डे पडतात तेव्हा या जाड कडा रिमलाही वाचवतात. चिखलाशी असलेली ही तुलना एका ठिकाणी मात्र तुटते. काळी माती टायरच्या खाचांत भरली की चाक जागच्या जागी फिरू लागते, तर हिवाळी टायरच्या खाचांत बर्फ भरणे चांगले असते, कारण बर्फाची बर्फावरची पकड रबराच्या पकडीपेक्षा अधिक असते. गाडी निश्चित करण्याआधी तिला किती लहान रिम बसते हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. मोठे ब्रेक असलेल्या वेगवान गाड्यांना लहान रिम बसतच नाही. लोखंडी रिमसह चार हिवाळी टायरचा संच साधारण हजार ते दीड हजार कॅनेडियन डॉलरच्या घरात जातो. खर्च मोठा आहे, पण दोन्ही संच आलटून पालटून वापरल्यामुळे प्रत्येक संच अधिक वर्षे टिकतो.

यानंतर ऑल व्हील ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या रचनेचा, विचार करावा. त्याचा खरा उपयोग गाडी हलवण्यासाठी, म्हणजे चढावर निघताना किंवा बर्फाच्या ढिगातून बाहेर पडताना होतो. गाडी थांबवताना त्याची फारशी मदत होत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात आणि शेवटी पकड टायरच देतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात ऑल व्हील ड्राइव्हच्या भरवशावर मी बारमाही टायर तसेच ठेवले होते. गाडी सिग्नलवरून इतक्या सहज निघायची की रस्ता निसरडा आहे याची जाणीवच होत नसे. ती जाणीव एका उतारावर झाली, तेव्हा लाल दिवा ओलांडून मी कडेच्या बर्फाच्या ढिगात शिरलो होतो. दोष गाडीचा नव्हता. म्हणून ज्यांचा प्रवास नियमित साफ होणाऱ्या शहरी रस्त्यांवरून आहे, त्यांना पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आणि उत्तम हिवाळी टायर पुरेसे आहेत. ज्यांचे घर चढावर किंवा गावाबाहेर आहे, अथवा ज्यांना बर्फ साफ करणारी यंत्रे येण्याआधी पहाटे निघावे लागते, त्यांनीच ऑल व्हील ड्राइव्हसाठी अधिक पैसे मोजावेत.

प्रत्यक्ष गाड्यांमध्ये पुढच्या चाकांवर चालणाऱ्यांत होंडा सिव्हिक एसआय आणि फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या दोन गाड्या मी सर्वात आधी पाहायला सांगतो. सिव्हिक एसआय २०० अश्वशक्तीची असून फक्त मॅन्युअल गिअरमध्ये मिळते, आणि तिच्यातील लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलमुळे एक चाक बर्फावर रिकामे फिरू लागले तरी दुसऱ्या चाकाला ताकद मिळत राहते. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये सुबारू डब्ल्यूआरएक्स ही बर्फाळ प्रदेशातील जुनी लाडकी गाडी आहे. तिच्या मॅन्युअल गिअरच्या प्रकारात पुढच्या आणि मागच्या चाकांना नेहमीच ताकद मिळत असल्याने ती बर्फात फार मोकळेपणाने वळते. ती आता केवळ सेडान रूपातच मिळते, हा तिचा तोटा. गोल्फ आर अधिक शांत व सफाईदार आहे आणि महागही. टोयोटा जीआर कोरोला तीन सिलिंडरच्या १.६ लिटर इंजिनातून ३०० अश्वशक्ती काढते आणि चालवायला धमाल आहे, पण तिची डिकी इतकी लहान आहे की विमानतळावरून घरच्यांना आणायचे झाल्यास पापड-लोणच्यांची बॅग मागच्या सीटवर येणार. रोजच्या वापराचा समतोल मला माझदा ३ टर्बोच्या हॅचबॅकमध्ये सर्वाधिक दिसतो: ऑल व्हील ड्राइव्ह आहे, आतली सजावट सुबक आहे, आणि साधे पेट्रोल घातले तरी २२७ अश्वशक्ती मिळते. तिला मॅन्युअल गिअर मात्र नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या दोन आसनी गाड्या हिवाळी टायरवर मजा देतात हे खरे असले, तरी घरात दुसरी गाडी असल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

सेडान की हॅचबॅक, या प्रश्नाला बर्फामुळे वेगळे वजन येते. हॅचबॅकला मागच्या काचेवर वायपर असतो आणि मागची सीट पाडून चार टायर नेता येतात. वर्षातून दोनदा टायर बदलायचे म्हणजे ते गॅरेजपर्यंत न्यावे लागणारच. गाडीची जमिनीपासूनची उंची हीदेखील अडचण ठरू शकते. आपल्या रस्त्यांवरच्या मारुती स्विफ्टची ही उंची १६३ मिलिमीटर आहे, आणि वर सांगितलेल्या बहुतेक गाड्या तिच्यापेक्षा खाली बसतात. रस्ते साफ करणारे यंत्र घराच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जाते, तेव्हा फावडे हाती घेण्याची तयारी ठेवावी. गाडी आणखी खाली करून विकत असलेल्या जुन्या मालकाकडे फिरकूच नये.

शोरूममध्ये इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वी काही साध्या गोष्टी तपासाव्यात. सीट व बाहेरचे आरसे तापतात का, काचेवरचे दव हीटर किती लवकर घालवतो, आणि दाराच्या काचेला चौकट आहे की नाही, हे पाहावे, कारण बिनचौकटीची काच गोठून रबराला चिकटते. विनिपेग किंवा एडमंटनसारख्या कडाक्याच्या थंडीच्या शहरांकडे जाणाऱ्यांनी इंजिन उबदार ठेवणारा ब्लॉक हीटर बसवून घ्यावा. तिथे रात्री गाडीचे इंजिन विजेच्या प्लगला जोडून ठेवतात, हे पाहून नागपूरकराला कूलरची आठवण आल्यावाचून राहत नाही. टायरमधील हवा तापमान साडेपाच अंशांनी उतरले की सुमारे १ पीएसआयने कमी होते, त्यामुळे उबदार गॅरेजमध्ये बरोबर भरलेली हवा उणे २० अंशांत सातेक पीएसआयने कमी भरते. हवा गाडी थंड असतानाच तपासावी.

जुनी गाडी घेत असाल तर गंजाकडे पाहावे, किलोमीटरचा आकडा त्यानंतर. रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि ते तळाच्या पत्र्यात, ब्रेकच्या नळ्यांवर आणि चाकांच्या कमानीत साचून लोखंड खाते. वरून चकचकीत दिसणारी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये, आणि घेतल्यावर दर हिवाळ्याआधी तळाला गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्यावा.

विम्याचा हप्ता हा नवख्यांना बसणारा खरा धक्का आहे. तिथला अनुभव नसलेल्या पंचविशीच्या आतील चालकाला टर्बो गाडीचा विमा गाडीच्या हप्त्याइतकाही पडू शकतो, म्हणून पसंतीच्या प्रत्येक गाडीचा विमा आधी विचारून घ्यावा. ओंटारिओत हिवाळी टायर लावल्यास विमा कंपन्यांना सवलत द्यावी लागते. निघण्यापूर्वी नागपूरच्या आरटीओकडून परवान्याच्या तारखांचा दाखला आणि इथल्या विमा कंपनीकडून अपघातविरहित वर्षांचे पत्र इंग्रजीत काढून ठेवावे. काही कंपन्या ते विचारात घेतात.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक, यात मी मॅन्युअल सुचवतो, कारण दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच क्लच सोडून निघाले की चाके कमी घसरतात आणि चाकांखाली काय चालले आहे ते पायाला कळते. गिअर उजव्या हाताने टाकायची सवय आठवडाभरात होते; क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचा क्रम आपल्यासारखाच असतो. गाडी घेतल्यानंतर पहिला बर्फ पडेल त्या दिवशी एखाद्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, परवानगी असेल तर, ताशी २५-३० किलोमीटरच्या वेगाने जाऊन ब्रेक पूर्ण दाबून पाहावा. एबीएसमुळे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे, पायाखाली जी थरथर होते ती बिघाड समजून अनेक जण पाय उचलतात. पाय तसाच दाबून ठेवावा, आणि गाडी किती फूट पुढे जाऊन थांबली ते उतरून मोजावे.