वेचणीच्या दोन याद्या समोरासमोर : टर्मिनलमधून एडिटरच्या खिडक्या कशा उघडाव्यात

सीतादही, म्हणजे कापसाच्या वेचणीआधीची पूजा, झाली की यवतमाळकडच्या आमच्या गावात वेचणीचे हिशेब सुरू होतात. मजुरी किलोवर, चुकारा बाजाराच्या दिवशी. मागच्या आठवड्याची आणि या आठवड्याची यादी शेजारीशेजारी दिसली, की कोणत्या बाईचे पैसे राहिले ते चटकन सापडतं. त्यासाठी एडिटरच्या, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमच्या, दोन खिडक्या हव्यात. फोल्डर धुंडाळत बसण्यापेक्षा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, आज्ञा टाइप करून त्या लवकर उघडतात.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरं वापरा.

विंडोजवर काम सोपं आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'सीएमडी' लिहून एंटर मारा. याद्या डेस्कटॉपवर असतील तर आधी

सीडी डेस्कटॉप

आणि मग

नोटपॅड वेचणी1.टीएक्सटी

तशीच दुसरी फाइल. नोटपॅडनं 'नवी फाइल करू का' असं विचारलं आणि फाइल आधीच आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असेल, तर 'नाही' म्हणा. नाव चुकलंय किंवा तुम्ही भलत्याच फोल्डरमध्ये आहात. विंडोज 11 मध्ये दुसरी फाइल त्याच खिडकीत टॅब म्हणून उघडू शकते. नोटपॅडच्या सेटिंगमध्ये 'नवी खिडकी' निवडा. नावं मराठीत असतील तर जतन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 आहे ना, ते बघा. एएनएसआय असेल तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

माझा जुना लॅपटॉप मात्र लिनक्सवर चालतो, आणि खरी गंमत तिथे आहे. शिकायला येणाऱ्या एका पोट्ट्यानं जीएडिट (तिथला एडिटर; जी-ई-डी-आय-टी) आणि फाइलचं नाव लिहून एंटर मारलं. खिडकी उघडली, पण टर्मिनल काही दुसरी आज्ञा घेईना. "दादा, हे तं अडकून राह्यलं!" अडकलं नव्हतं, एडिटर बंद व्हायची वाट पाहत होतं. उपाय म्हणजे शेवटी एक चिन्ह :

जीएडिट --न्यू-विंडो वेचणी1.टीएक्सटी &

& मुळे एडिटर मागे चालत राहतो आणि टर्मिनल मोकळं होतं. '--न्यू-विंडो' नसेल तर दुसरी यादी पहिलीच्याच खिडकीत टॅब होऊन बसते. दोन्ही उघडल्या की विंडोजचं बटण दाबून एकीला डावा बाण, दुसरीला उजवा. नव्या उबुंटूत (लिनक्सचा एक प्रकार) जीएडिट नसेल तर 'जीनोम-टेक्स्ट-एडिटर' (जीनोम म्हणजे जी-एन-ओ-एम-ई) लिहा, बाकी सगळं तेच.

त्याच पोट्ट्यानं नंतर काम झालं म्हणून टर्मिनल फुलीवर दाबून बंद केलं. सोबत दोन्ही याद्याही गेल्या, तासाभराची जतन न केलेली भर घेऊन. टर्मिनल बंद होताना त्यातून सुरू केलेल्या कामांनाही थांबायचा निरोप जातो. तो टाळायचा तर आज्ञेच्या आधी 'नोहप' (एन-ओ-एच-यू-पी) लावा, शेवटचं & तसंच ठेवा. आणि कंट्रोल-एस दर पाच ओळींनी. आमच्याकडे लाइट विचारून जात नाही, आणि या लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेली आहे.