वायरमनचं बिऱ्हाड पर्थला कसं पोचलं

आमच्या घरात ऑस्ट्रेलिया म्हणजे मेलबर्न, असंच धरलेलं होतं. बायकोची सख्खी मावसबहीण तिथे, तिच्या मुलांचे फोटो रोज यायचे, मग दुसरं शहर सुचणार कसं? शेवटी बिऱ्हाड लागलं ते पर्थला, म्हणजे मावसबहिणीपासून विमानाने चार तासांवर. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर अशी हातकामाची मंडळी हल्ली मला विचारतात, आणि पहिला प्रश्न बहुतेकदा "कुठलं शहर चांगलं?" हाच असतो. आमचाही तोच होता. त्याच्या नादात आमचे सात-आठ महिने फुकट गेले.

तिथे परवाना नसेल तर साधं सॉकेटसुद्धा बदलता येत नाही, अगदी स्वतःच्या घरातलंही नाही. त्यामुळे सुरुवात होते ती ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया, म्हणजे टीआरए, यांच्याकडच्या कौशल्य-तपासणीने. आणि तिथेच माझी जिरली. कामाची वर्षं चौदा. पहिली आठ स्वतःची छोटी कंत्राटं, नंतरची सहा एका कंपनीत. कंपनीची पगारपत्रकं, बँकेतल्या नोंदी, साहेबांचं पत्र, सगळं होतं. आधीच्या आठ वर्षांचा पुरावा म्हणजे एक लांबट वही. त्यात "दोन बेडरूम, ११ पॉइंट, अर्धे आले" अशा नोंदी, त्याही पेन्सिलीने. रोखीचा व्यवहार, ना बिल, ना पावती. स्वतःचा धंदा करणाऱ्याकडून हिशेबनिसाचं पत्र, ग्राहकांची बिलं, माल घेतल्याच्या पावत्या, धंद्याची नोंदणी असं काय काय मागतात. वही पाहून बायको म्हणाली, "यावर तर वाणीसुद्धा उधार देणार नाही."

ती वही किती महागात पडली ते व्हिसासाठीचे गुण मोजताना कळलं. मी ३८ वर्षांचा, म्हणून वयाचे २५. इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७ मिळाले, त्याचे १०. मान्य झालेल्या शिक्षणाचे १०. परदेशातल्या अनुभवाचे सहा वर्षांना १०. आठ वर्षं दाखवता आली असती तर १५ मिळाले असते. बायकोनेही इंग्रजीची परीक्षा दिली, तिचे ५. एकूण ६०, आणि किमान लागतात ६५. म्हणजे १८९ क्रमांकाचा व्हिसा, ज्यावर कुठल्याही शहरात राहता येतं, तो पाच गुणांनी हुकला. आणखी दोन वर्षांच्या पावत्या जपल्या असत्या तर निदान रांगेत तरी उभं राहता आलं असतं. (हे आकडे माझ्या अर्जाच्या वेळचे. तुम्ही सरकारी संकेतस्थळावर ताजे पाहूनच बेरीज करा, आणि चाळिशीची वाट पाहू नका. ४० पूर्ण झाली की २५ चे १५ होतात.)

उरले दोन व्हिसे, १९० आणि ४९१ क्रमांकाचे. १९० ला राज्याने नाव सुचवलं की ५ गुण मिळतात, म्हणजे आम्ही काठावर. ४९१ ला १५ मिळतात, म्हणजे ७५. म्हणून ४९१ धरला. पण त्यावर 'रीजनल' भागातच राहायचं आणि काम करायचं. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन बाद. रीजनल म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर ओसाड माळरान आलं होतं. प्रत्यक्षात पर्थ, अॅडलेड, कॅनबेरा, होबार्ट, जिलाँग हे सगळं रीजनलमध्ये मोडतं. या भागात राहणारा जवळचा नातेवाईक ४९१ साठी प्रायोजक होऊ शकतो, त्यात मावसबहीणही चालते. आमची मेलबर्नऐवजी तासाभरावरच्या जिलाँगला राहत असती तर हा लेख कदाचित तिथून लिहिला असता.

पर्थ की अॅडलेड, यावर घरात बरीच खणाखणी झाली. बायकोने हवामान, शाळा, समुद्र असा तक्ता केला. मी मात्र एका गोष्टीवर अडून बसलो, ती म्हणजे भिंत. ऑस्ट्रेलियात पुष्कळ घरांना आतून लाकडी सांगाडा आणि वर प्लास्टरबोर्ड असतो; वायर खांबांना भोकं पाडून ओढायची. माझा हात छिन्नी-हातोडीवर बसलेला, विटेत खाचा मारून पाइप गाडायचा. पर्थला दुहेरी विटांची घरं भरपूर. हे कारण ऐकून सगळे हसले. पण नव्या देशात नियम नवे, भाषा नवी, निदान भिंत तरी ओळखीची असावी असं मला वाटलं, आणि पहिल्या मालकाने मला ठेवून घेतलं ते खाचा सरळ मारतो म्हणूनच.

टीआरएच्या तपासणीतल्या तांत्रिक परीक्षणाबद्दल थोडं. वायर जोडणं सगळ्यांना येतं. तिथे सवयी पाहतात. मी बोर्ड उघडला आणि सवयीने खिशातला टेस्टर, तो दिवा लागणारा स्क्रू-ड्रायव्हर, बाहेर काढला. परीक्षक बोलला काही नाही, कागदावर काहीतरी लिहिलं. पोटात गोळा आला. टेस्टर मुकाट्याने खिशात टाकला आणि पाठ केलेला क्रम सुरू केला: पुरवठा बंद करा, कुलूप लावा, चिठ्ठी अडकवा, मीटर आधी चालू लाइनवर तपासा, मग आपल्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. शेवटचं तपासणं का, तर मधल्या वेळात मीटरच मेला नाही ना याची खात्री. घरी महिनाभर हा क्रम बोटांनी गिरवा, मनात म्हणून उपयोग नाही.

परीक्षण पास झालं तरी लगेच पूर्ण परवाना मिळत नाही. परवाना प्रत्येक राज्य आपापला देतं. आधी देखरेखीखाली काम आणि तिथल्या नियमांचं प्रशिक्षण, मग पुढचं. एएस/एनझेडएस ३००० हे वायरिंगच्या नियमांचं पुस्तक तेव्हा उशाशी असायचं. माझं वर्षभर असं गेलं, आणि त्या वर्षात पगार पूर्ण परवानेवाल्यापेक्षा कमी. घरखर्चाचा हिशेब या पगारावर करा, जाहिरातीतल्या आकड्यावर नको. आम्ही तो चुकीचा केला आणि बायकोला ठरवल्यापेक्षा लवकर नोकरी धरावी लागली.

पर्थला आलात की खाणींच्या कामाचं आमिष येणारच. दोन आठवडे पिलबाराच्या वाळवंटात, एक आठवडा घरी, पैसा उत्तम. मुलगी सातवीत, बायको नव्या गावात एकटी. मी नाही म्हटलं. सोबतच्या दोघांनी हो म्हटलं, त्यांचं बरं चाललंय.

किरकोळ गोष्टी: सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून शाळा बघून घर शोधा; शाळेचं वर्ष फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं. जुनी हत्यारं आणि बूट आणायचे तर ब्रशने घासून माती काढा आणि विमानतळावरच्या फॉर्मवर लिहा, तिथे मातीच्या ढेकळालाही भितात.

४९१ वर तीन वर्षं काढली की कायमच्या व्हिसाला अर्ज करता येतो, त्याला त्या वर्षांचे कराचे कागद लागतात. आता फाइल बायकोच्या ताब्यात आहे. संध्याकाळी व्हॅनमधून उतरलो की दारातच हात पुढे येतो, आणि बूट काढायच्या आधी मी दिवसभराच्या पावत्या तिच्या हातावर ठेवतो.