स्की-सहलींच्या कंपनीत इंटर्नशिप? जूनमध्येच रुजू व्हा

मुंबईतल्या टूर कंपनीच्या स्की विभागात वर्षभराची इंटर्नशिप घेत असाल, तर डिसेंबरची वाट पाहू नका. गुलमर्गचा हंगाम साधारण डिसेंबरअखेर ते मार्च, पण विक्रीचं काम त्याच्या कितीतरी आधी चालू होतं. बाहेर धो धो पाऊस आणि तुम्ही फोनवर बर्फ विकताय, हे थोडं विनोदी वाटेल. वाटू दे.

त्या निवांत महिन्यांत एक काम नीट शिका: ग्राहकांकडून स्कीच्या साहित्याचा फॉर्म भरून घेणं. स्कीचे बूट पावलाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर ठरतात, नुसतं ‘आठ नंबर’ लिहून भागत नाही. टाच भिंतीला टेकवून पाऊल मोजायला सांगा. वजन, उंची, वय आणि आधीचा सराव यांवरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती घट्ट ठेवायचं ते ठरतं. पडल्यावर बूट वेळेत सुटला नाही, तर गुडघ्याची वाट लागते. आणि वजन लोक हमखास कमी सांगतात! ‘काका, हे फक्त स्की लावणाऱ्यासाठी हवंय’ म्हटलं की खरा आकडा येतो.

स्टायपेंड किती आणि हंगामात प्रत्यक्ष बर्फावर पाठवणार का, हे मात्र ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या.