रोजच्या रेखाटनाची सवय: ती लावावी कशी आणि तिच्यामुळे साधते काय

शाळेत असताना शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेली आणि त्यानंतर पेन्सिल कायमची खाली ठेवलेली माणसे महाराष्ट्रात घरोघरी सापडतात. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन यांचा सराव प्रमाणपत्र हाती येईपर्यंत चालतो आणि दहावी उरकली की रंगपेटी माळ्यावर जाते. अशा माणसांना, तसेच ज्यांनी कधी चित्रच काढले नाही त्यांनाही, रोज पंधरा-वीस मिनिटे रेखाटनाला देणे अवघड नाही. मात्र रोज एक चांगले चित्र निघावे ही अपेक्षा आरंभीच सोडावी. या सवयीचा लाभ कागदापेक्षा नजरेला अधिक होतो आणि ती कशी लावावी याचे बहुतेक नियम याच गोष्टीतून निघतात.

प्रचीती घ्यायची असेल तर घरातला तांब्या टेबलावर ठेवून, समोर खुर्चीवर बसून तो काढून पाहावा. तांब्या डोळ्यांच्या पातळीखाली असल्यामुळे त्याचे गोल तोंड लंबवर्तुळाकार दिसते, आणि एवढे बहुतेकांना जमते. बूड मात्र नवखा माणूस हमखास सरळ रेषेने काढतो, कारण तांब्या सपाट पृष्ठभागावर टेकला आहे हे त्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात बूड तोंडापेक्षाही खाली असल्याने तिथला गोल रुंदीच्या मानाने अधिक उघडा दिसतो, म्हणून बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वळवावी लागते. हा दोष हाताचा नसून नजरेचा आहे: डोळ्यांना दिसते ते बाजूला राहते आणि डोक्यात ठरलेले कागदावर उतरते. तोच तांब्या आठवडाभर, कधी जमिनीवर तर कधी फडताळावर ठेवून काढला की हा फरक अंगवळणी पडतो आणि मग बादली, कुंडी, गाडीचे चाक, सगळीकडे तो आपोआप दिसू लागतो.

साहित्य जितके थोडे तितके बरे. हातात मावेल अशी साध्या कागदाची वही आणि २बी व ६बी अशा दोन पेन्सिली पुरतात. पेन्सिलीऐवजी बॉलपेन घेतले तरी हरकत नाही. महागडी वही घेतली की पहिले पान बिघडेल या धास्तीने ती कोरीच राहते, असा अनेकांचा अनुभव आहे. खोडरबर पहिले काही महिने घरातच ठेवावा, कारण चुकलेली रेषा तशीच दिसत राहिली तर तिच्या शेजारी बरोबर रेषा काढता येते, आणि खोडत बसले की ठरवलेला वेळ खोडण्यातच जातो.

वेळ मात्र ठरलेली असावी, आणि ती आधीच्या एखाद्या सवयीला जोडावी: सकाळचा चहा, जेवणाची सुट्टी किंवा, बसायला जागा मिळत असेल तर, लोकलचा प्रवास. गाडीत झोपलेला प्रवासी हा उत्तम विषय असला तरी अनोळखी माणसाकडे टक लावून पाहणे बरे दिसत नाही. आरंभी चपला, पिशव्या आणि कडीला धरलेले हात यांवर भागवावे. विषय रोज नवा शोधण्याचीही गरज नाही. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटितीर्थ तलावाच्या परिसराची चित्रे पुन्हा पुन्हा रंगवली. एकाच जागेचा प्रकाश वेळेनुसार कसा पालटतो हे पाहायचे असेल तर आपल्या खिडकीतून दिसणारी समोरची इमारतही पुरेशी आहे.

सरावात थोडा पालट हवा. एक दिवस कागदाकडे न पाहता, नजर वस्तूच्या कडेवरून सावकाश फिरवत रेषा ओढावी. दुसऱ्या दिवशी खुर्ची काढण्याऐवजी तिच्या पायांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढावेत. तिसऱ्या दिवशी डोळे किलकिले करून केवळ उजेड आणि सावली अशा दोनच छटांत दृश्य मांडावे. रात्री झोपण्यापूर्वी दिवसा पाहिलेली एखादी गोष्ट आठवून काढणे, म्हणजे शाळेतले स्मरणचित्रच, यांत मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण आपण काय नीट पाहिलेच नव्हते ते त्यातून लगेच उघडे पडते.

मनाला मिळणाऱ्या विसाव्याबद्दल बरेच सांगितले जाते, पण ते बेतानेच घ्यावे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 45 मिनिटांच्या कलानिर्मितीनंतर 39 प्रौढांपैकी सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटलेले आढळले, आणि कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात विशेष फरक पडला नाही. नवख्यांना धीर देणारी ही गोष्ट असली तरी ती मोजणी एकाच बैठकीची होती, रोजच्या सवयीची नव्हे.

रंग रोज घेण्याचा आग्रह धरू नये. आठवड्यातून दोनदा, सवडीने बसता येईल तेव्हा घ्यावेत. जलरंगाला साधी वही चालत नाही, कारण ओला कागद फुगतो. 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा जाड कागद घेऊन त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करावेत. आरंभी अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोनच रंग वापरावेत: त्यांच्या मिश्रणातून उबदार तपकिरीपासून थंड निळसर करड्यापर्यंतच्या छटा आणि जवळजवळ काळा वाटणारा गडद रंगही मिळतो, त्यामुळे छटांकडे लक्ष राहते. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून ओला असताना तो किंचित गडदच लावावा आणि पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडावा. हवामानाचेही भान हवे: विदर्भातल्या उन्हाळ्यात कुंचला दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधीच पहिले टोक वाळून मध्ये कडक रेघ उमटते, तेव्हा कागद आधी ओलसर करून घ्यावा, कोकणातल्या पावसाळ्यात उलट पहिला थर वाळता वाळत नाही, म्हणून दोन चित्रे आळीपाळीने रंगवावीत आणि उरलेला कागद हवाबंद पिशवीत ठेवावा.

रोजचे पान लगेच छायाचित्र काढून लोकांना दाखवू नये. दाखवायचे म्हटले की सोपे आणि देखणे विषय निवडले जातात आणि जे जमत नाही त्याचा सराव टळतो. त्याऐवजी पानावर तारीख घालावी आणि तीन महिन्यांनी पहिला तांब्या व ताजा तांब्या शेजारी ठेवून पाहावा. मधला एखादा दिवस चुकला तर त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढू नयेत; त्या दिवसाचे पंधरा मिनिटांचे काम तेवढे करावे.